उभं राहण्याची शिक्षा

मुलीनं घोडी आणली तेव्हा घरात शंका आली ती फक्त मला. आमच्या ह्यांना कधी कसली शंका येत नाही. दूधवाला पाणी घालतो हे त्यांना दुधात बोट बुडवून दाखवलं तरी ते म्हणणार, गाय पाणी जास्त प्यायली असेल. त्यामुळे संशय घेण्याचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडेच आहे आणि मी ते चोख करत आले आहे.

आम्ही बनारसला, दूधविनायकाला राहतो. गल्ली इतकी अरुंद की समोरून बैल आला तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहायचं. अशा गल्लीत वाढलेल्या मुलीला घोडी सुचावीच का? कॉलेजात असताना ती घोडेस्वारी शिकली होती. ते खूळ नोकरी लागल्यावर उतरेल असं मी धरून चालले होते. नोकरी लागली, एका शाळेत ती मुलांची कवायत घेऊ लागली, पण खूळ तसंच राहिलं. एक दिवस जेवताना म्हणाली की रामनगरला एक अहाता बघितलाय, भिंत घातलेली मोकळी जागा, तिथे घोडी ठेवीन आणि लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवीन. जम बसला की शाळा सोडीन. आमच्या घराण्यात वेदपाठी झाले, ज्योतिषी झाले, एक-दोघं तबल्यावरही बसले. घोडेवाली कुणी झाली नव्हती. ह्यांनी आमटी भुरकली आणि छान आहे म्हणाले.

मला पहिली शंका अर्थातच ही आली की घोडीच्या आडून कुणीतरी मुलगा असणार. रामनगर गंगेच्या पलीकडे. सकाळी शाळा, तिथून परस्पर रामनगर, घरी यायला दिवेलागण. मध्ये काय चालतं ते कुणी बघितलंय? ती आली की मी तिची ओढणी धुवायला म्हणून घ्यायची आणि हळूच वास घ्यायची. वास घोडीचाच यायचा. पण त्यानं माझं समाधान होत नसे. घोडीचा वास काय, तिच्याजवळ थोडा वेळ उभं राहिलं तरी कपड्यांना लागतो.

दुसरी शंका घोडी देणाऱ्याची. हा पडावच्या पुढच्या कुठल्याशा गावचा व्यापारी, बोलण्यात नुसती साखरपेरणी. घोडी त्यानं भाद्रपदातच अहात्यात आणून सोडली. घोडीत एकच खोड आहे, तो म्हणाला, बांधली की उभी राहत नाही. बाकी पाठीवर मूल बसवा, म्हातारं बसवा, तक्रार नाही. पण खांबाला बांधून माणूस जरा बाजूला झाला की ती मागे रेटायला लागायची आणि काहीतरी तुटेपर्यंत रेटायची. दोर तुटे, म्होरकी तुटे, एकदा तर खुंटाच उपटून आला. अशा घोडीजवळ लहान मुलं कशी उभी करणार? खोगीर चढवायचं, खरारा करायचा, एक मूल उतरून दुसरं चढायचं, तेवढा वेळ तिनं गुमान उभं राहायला हवं. व्यापारी म्हणाला, दिवाळीपर्यंत ठेवा. बांधल्यावर उभी राहायला शिकली तर तुमची. नाही शिकली तर मी येऊन घेऊन जाईन, मनात काही आणणार नाही.

मुलीला माणूस फार सरळ वाटला. मला बनारसमध्ये इतका सरळ व्यापारी अजून भेटायचा होता, म्हणून मी चौकशी केली. पडावहून रामनगरला जाणाऱ्या ऑटोवाल्याकडून कळायचं ते कळलं. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात. भट्टीवर गाडा ओढणाऱ्या घोड्या-खेचरांना तेवढे महिने बसवून कोण खायला घालणार? दिवाळी झाली की भट्ट्या पेटतात आणि कच्च्या विटा वाहायला जनावरं लागतात. म्हणजे तोवर घोडी आमच्या दाण्यावर पोसायची, दिवाळीला गुटगुटीत झाली की उचलून भट्टीवर न्यायची. ऑटोवाला म्हणाला, भट्टीवर गेलेलं जनावर फार हिवाळे काढत नाही.

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, मग तर तिला उभं राहायला यायलाच पाहिजे. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. घोडीचं नाव मात्र तिनं ठेवलं नाही. नाव ठेवलं आणि परत द्यावी लागली तर जड जाईल म्हणाली. नावं ठेवायला मी होतेच.

मग उस्ताद आला. सगळं रामनगर त्याला उस्ताद म्हणायचं म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पूर्वी टांगा हाकायचा. टांगे गेले, ई-रिक्षा आल्या, तेव्हापासून लोकांची घोडी वळणावर आणून द्यायचं काम करायचा. केसांना मेंदी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि स्वतःबद्दल बोलायचं तेही ‘उस्ताद’ म्हणून. उस्तादच्या हातून आजवर एक घोडी बिघडली नाही, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत इतक्या वेळा ऐकवलं की किती बिघडल्या असतील याचा मला अंदाज आला. तोंडात कायम पान. तोंडात पान धरून बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. मी असं म्हणालोच नव्हतो म्हणायला त्याला पुढे जागा राहते.

तो सकाळी यायचा, मुलगी शाळेत असताना. थोड्याच दिवसांत मुलगी सांगू लागली की घोडी सुधारते आहे, पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहते. इतक्या लवकर? मी एका सकाळी न सांगता गेले. रामलीलेचे दिवस, रामनगरात ही गर्दी, ऑटोवाल्यानं अलीकडेच उतरवलं. चालत अहात्यात पोचले तर उस्ताद गुळाच्या खड्यात काहीतरी हिरवं दाबून घोडीला भरवत होता. काय आहे विचारलं. म्हणे कडुलिंब आणि ओवा, पोटाला बरं असतं. बनारसमध्ये हिरवी गोळी बघून ओवा आठवणारा माणूस विरळाच. मी म्हटलं, मला जरा चाखायला दे. तो हसला आणि म्हणाला की हा घोडीचा वाटा आहे माताजी, तुम्हाला कसा देऊ. दिली नाही ती नाहीच. भांग घालून उभी केलेली घोडी म्हणजे शिकलेली घोडी नव्हे, हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, ओवाही असेल.

पुढच्या वेळी गेले ती मनात ठरवूनच. अहात्यात निंबाखाली एक जाड खांब रोवला होता. घोडी त्याला बांधलेली. अंगावर घामाची पांढरी रेघ, कान मागे पडलेले, आणि पुढच्या खुरानं जमीन उकरत होती. उकरून उकरून पायाखाली खड्डा झाला होता. उस्ताद थोड्या अंतरावर खाटेवर बसून चहा पीत होता, तिच्याकडे पाठ करून. मी जवळ गेले. तिच्या कानामागचे केस गेले होते आणि आतली गुलाबी कातडी दिसत होती. विचारलं तर म्हणाला, हे जुनं आहे, पहिल्या मालकाकडचं. जुनं आहे म्हणणं सोपंच असतं.

मी म्हटलं, सोड तिला. तो म्हणाला, पाय आपटते आहे तोवर सोडणार नाही. गप्प होईल तेव्हा सोडीन. हे त्यानं इतक्या थंडपणे सांगितलं की माझं डोकंच फिरलं. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. वर्गाबाहेर उभं करणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. उभी केलेली मुलगी कशी एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते, कशी भिंतीला नखं घासते, सगळं बघितलेलं. ती घोडी अगदी तशीच करत होती. आणि हा बाबा चहा पितोय.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “आज से इसको खड़े रहने की शिक्षा बंद। बिलकुल बंद।”

त्यानं चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मग बाजूला जाऊन पान थुंकून आला आणि पहिल्यांदाच स्वच्छ शब्दांत बोलला.

“पक्का, माताजी?”

“एकदम पक्का।”

त्यानं घोडीचा दोर तसाच ठेवला, स्वतःचा एक दोर होता तो कमरेला गुंडाळला आणि निघून गेला. जाताना एकदाही मागे बघितलं नाही. मी घोडीला सोडलं. ती मान झटकून अहात्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद आला नाही. मुलीचा फोनही उचलेना. मी तिला सांगितलं की मी त्याला चांगला झाडला, मनात खोट होती म्हणून पळाला. इकडे घोडी अधिकच बिघडली. मुलीनं दुपारी बांधली की जरा वेळानं मागे रेटायला लागे, एक म्होरकी तर मधोमध तुटली. मी म्हटलं, बघ, भांग उतरते आहे. मुलगी म्हणाली की आई, तू प्लीज थोडा वेळ काही नको बोलू.

कार्तिक लागला; बनारसचा कार्तिक दिवाळीआधीच, कोजागरी झाली की लागतो. मी संध्याकाळी पंचगंगा घाटावर जाऊन बसत असे. तिथे बांबूच्या टोकाला टोपलीतले आकाशदिवे दोरीनं वर ओढतात, ते बघत बसायला मला आवडतं. एका संध्याकाळी मुलगी रामनगरहून सरळ घाटावर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली की उस्ताद भेटला होता, चौकातच, त्यानं तोंड फिरवलं तर मी जाऊन हात धरला. त्यानं काय सांगितलं, तर तुमच्या माताजींनी घोडीची शिक्षा बंद केली. घोडीला शिकवायचंच नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. दोनदा विचारलं, पक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, “मग? खरंच आहे. मुक्या जनावराला किती शिक्षा करायची?”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. “आई, तू त्याला हिंदीत शिक्षा म्हणालीस.”

आता हे मला कुणी सांगावं? ज्या शाळेत मी नोकरी केली तिच्या पाटीवर शिक्षा होती, खात्याच्या पत्रावर शिक्षा होती. माहेरचे लोक बनारसला आले की ‘शिक्षा मंत्री’ वाचून पोट धरून हसायचे आणि मीच त्यांना समजावून सांगायची की अरे, इथे शिक्षा म्हणजे शिक्षण. हिंदीत मी भांडले आहे, रडले आहे, मुलींना व्याकरण शिकवलं आहे. पण राग आला की मी साताऱ्याची होते, आणि साताऱ्यात उभं राहण्याची शिक्षा म्हणजे शिक्षाच. मी म्हटलं होतं, हिचा छळ थांबव. त्याला ऐकू आलं, हिला शिकवणं थांबव.

मुलीला हसू येईल असं मला वाटलं होतं. तिला हसू आलं नाही. उस्तादनं आता दुसरीकडे लग्नाच्या घोड्यांचं काम धरलं होतं आणि तो येणार नव्हता. शिवाय, ती म्हणाली, घोडी पाय आपटत असताना तू तिला सोडलंस. म्हणजे पाय आपटले की सुटका होते, एवढं मात्र ती त्या दिवशी पक्कं शिकली. दिवाळी तोंडावर आली होती. मला अजूनही वाटतं की उस्तादला जायचंच होतं, मी त्याला आयती सापडले. गोळीत ओवा होता हेही मला कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

मी म्हटलं, “सकाळी मी बसते.”

खरं सांगायचं तर यात थोडा हट्ट होता, थोडी भट्टीची भीती होती, आणि दुपारी मुलगी अहात्यात आल्यावर तिथे कोण कोण येतं ते आयतंच बघायला मिळणार होतं.

मुलीनं मला सगळं शिकवलं. दोर तिच्या खांद्याच्या उंचीवर बांधायचा, खाली नाही, नाहीतर पाय अडकतो. खांब आणि दोर यांच्यामध्ये सायकलची जुनी ट्यूब घालायची, म्हणजे तिनं ओढलं तर मानेला हिसका बसत नाही. गाठ सुरगाठ, निरगाठ कधी नाही, वेळ आली तर एका ओढीत सुटली पाहिजे. सुरगाठ मला येतेच, नाडीला मारतो तीच. आणि मुख्य म्हणजे ती पाय आपटत असताना जवळ जायचं नाही. श्वासभर का होईना, शांत उभी राहिली की लगेच उठायचं आणि सोडायचं. म्हणजे शांत राहिलं की सुटका होते हे तिच्या डोक्यात बसेल. मी म्हटलं, म्हणजे उस्ताद करत होता तेच.

मी मेथीच्या जुड्या घेऊन खाटेवर बसायची. पहिल्या सकाळी सगळी मेथी निवडून झाली तरी घोडी उकरतच होती. मला उठून सोडावंसं वाटत होतं आणि मी दात आवळून बसले होते. मग एकदाची ती थांबली, बहुधा दमून. मी धावले. तेवढ्यात तिनं पुन्हा पाय आपटला. मी परत खाटेवर. असा आमचा बराच वेळ खेळ चालला. शेवटी एकदा मी पोचेपर्यंत ती थांबली आणि मी दोर ओढला, गाठ सुटली. ती सुटली तरी लगेच गेली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

तिचं ते बघणं मला ओळखीचं वाटलं. पुढच्या सकाळी मी मेथी बाजूला ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसले. तिचा एक कान माझ्याकडे असायचा, दुसरा दरवाज्याकडे. पान पडलं तरी तिकडे. दोर जरा ताणला की डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. ती हट्टी नव्हती. दोर ताणला गेला की पुढे काहीतरी वाईट होणार याची तिला खात्री होती, आणि ते होण्याआधी निसटायचं एवढंच तिचं म्हणणं होतं. कुणी कधी काय केलं होतं कोण जाणे, कानामागची कातडी उगाच जात नाही. मला तिचं पटलं. मीही बाजारात, बँकेत, लग्नघरी अशीच उभी असते, एक कान इकडे, एक कान तिकडे.

त्यानंतर मी तिला दोर हातात धरून हलकेच ओढायला लागले. ती मान मागे घ्यायची. मी तेवढीच ओढ धरून ठेवायची, वाढवायची नाही, सोडायचीही नाही. तिनं एक पाऊल पुढे टाकलं की दोर ढिला. पुढे आलं की बरं वाटतं, मागे गेलं की नाही, एवढी एकच गोष्ट मी तिला रोज सांगत बसले. तोंडानंही सांगायची, मराठीत. हिंदी तिला येत असेल, पण माझा हिंदीवरचा भरवसा तेव्हा उडाला होता.

एक सकाळ अशी आली की तिला बांधलं आणि ती खांबाजवळ नुसती उभी राहिली. मग मी खाटेवरून उठून हापशापर्यंत जायला लागले. मग फाटकापर्यंत. जाताना मान मात्र तिच्याकडेच वळलेली. दुपारी मुलगी यायची, उभ्या उभ्या डबा खायची आणि खरारा घेऊन घोडीच्या अंगाला भिडायची. कुणी मुलगा आला नाही. म्हणजे मी होते तोवर आला नाही.

व्यापारी ठरल्या दिवसाच्या आदल्या सकाळीच आला. येताना छोटा टेम्पो घेऊन आला होता, मागचं फळकुट आधीच उतरवलेलं, तळाशी पेंढा पसरलेला. म्हणजे घोडी न्यायची हे त्यानं घरूनच ठरवलं होतं. माझा संशय खरा ठरला याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मुलगी शाळेत. मी तिला फोन केला, ती निघते म्हणाली.

घोडी खांबाला बांधलेली होती आणि शांत होती. व्यापाऱ्यानं लांबून बघितलं आणि म्हणाला, माताजी, तुम्ही जवळ आहात म्हणून उभी आहे. माणूस जवळ असलं की कुठलंही जनावर उभं राहतं. कुणी नसताना उभी राहिली तर मानीन.

म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मी तिच्या नजरेआड कधी गेलेच नव्हते. मी म्हटलं, ठीक आहे, मी बाहेर बसते, पण तुम्हीही बसायचं, माझ्याशेजारी. त्याला एकटं अहात्यात सोडायला मी काही खुळी नव्हते. अहात्याच्या भिंतीला लागून बाहेर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर आम्ही दोघं बसलो, भिंतीकडे पाठ करून. त्यानं दोन चहा सांगितले.

मागे काय चाललंय ते नुसतं ऐकायचं होतं. एकदा खूर वाजला. एकदा ती फुरफुरली. उठून भिंतीवरून नजर टाकायला कितीसा वेळ लागतो? पण माझं डोकं दिसलं की ती माझ्याकडे येऊ बघणार, दोर ताणला जाणार, आणि सगळं मुसळ केरात. मी बाकाची कड धरून बसले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी फटाका लावला. भिंतीपलीकडे खुरांचा एकच खडखडाट झाला, ट्यूब करकरली, आणि मग काहीच नाही. शांत.

शांततेचा मला फार संशय. घरात मूल गप्प झालं की आधी धावायचं असतं, हे कुठल्याही आईला विचारा. दोर तुटला असेल आणि ती कोपऱ्यात उभी असेल. किंवा पडली असेल. व्यापारी हसला आणि उठायला लागला. मी त्याला म्हटलं, “बैठिए। चाय ख़तम कीजिए।” आवाज माझाच होता, पण इतका कोरडा की तो मुकाट्यानं बसला. मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडून उभी राहा, बाई, उभी राहा, एवढंच येत होतं.

मुलगी स्कूटरवरून आली. आम्हाला बाकावर बघून थबकली. मी हातानंच आत जा म्हटलं. ती फाटकातून आत गेली आणि लवकर बाहेर येईना. मग आली आणि म्हणाली, “उभी आहे.”

व्यापारी आत गेला, मागून मी. दोर शाबूत, ट्यूब शाबूत, गाठ माझीच. घोडी एक मागचा पाय सैल टाकून, खालचा ओठ लोंबवून, डोळे अर्धे मिटून उभी होती. त्यानं दोर ओढून बघितला, खांब हलवून बघितला. मग तिच्या तोंडाशी नाक नेलं, वास घेतला आणि मला विचारलं, काही खायला तर घातलं नाही ना. माझ्यावर असा संशय घेणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी म्हटलं, घातलंय, मेथीच्या काड्या. तो पेंढा पसरलेला टेम्पो रिकामा घेऊन गेला.

टेम्पोचा आवाज गेला. मग मुलगी घोडीच्या मानेवर कपाळ टेकवून रडली. मलाही रडू आलं. घोडी तेवढा वेळ उभीच होती. मग मुलीनं गाठ ओढून तिला सोडलं आणि दोर गुंडाळता गुंडाळता मला विचारलं, “तू पूर्ण वेळ बाहेर होतीस?”

“हो.”

“एकदाही डोकावली नाहीस?”

“डोकावले असते तर ती बिथरली असती.”

तिनं दोराचं वेटोळं खांबाच्या खिळ्याला अडकवलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “माझ्या वेळी तू कधी अशी बाहेर बसली नाहीस, आई. ओढण्यांचा वास घेतेस ते मला माहीत आहे.”

ती रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं होती, आईच्या तोंडी शोभतील अशी, जमाना कसा आहे आणि मुलीची जात कशी आहे वगैरे. मला ते बोलणं फार लागलं, अजूनही लागतं.

मग ती म्हणाली की आज मी इथे उशिरापर्यंत थांबणार आहे. का, कुणाबरोबर, किती उशीर, ते तिनं सांगितलं नाही. मी पिशवी उचलली आणि बरं म्हणाले. फाटकातून बाहेर पडले आणि अहात्याच्या भिंतीच्या कडेनं ऑटोपर्यंत चालत गेले. मान सारखी मागे वळायला बघत होती. मी ती वळू दिली नाही.